खर्च कोणाच्या खात्यावर? छतावरील सौर अनुदानाच्या आक्षेपांचा प्रतिवाद

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’ला मान्यता दिली आणि २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद केली, तेव्हापासून एक जुना वाद नव्या आवेशाने मांडला जात आहे. ज्याच्याकडे स्वतःचे छत आहे आणि त्या छतावर लाख-दीड लाख रुपये गुंतवण्याची ऐपतही आहे, त्याला सार्वजनिक तिजोरीतून पैसे का द्यावेत, हा त्या वादाचा गाभा आहे. हा आक्षेप वीजक्षेत्र आतून जाणणाऱ्या आणि गरिबांविषयी खरी आस्था असणाऱ्या अभ्यासकांकडूनही घेतला जातो, त्यामुळे तो झटकून टाकण्याजोगा नाही. त्यातील आकडेही बहुतेक वेळा बरोबर असतात. चूक होते ती ते आकडे ज्या खात्यावर मांडले जातात त्या खात्याच्या निवडीत, आणि त्या एका चुकीमुळे अनुदान बंद करण्याचा जो निष्कर्ष काढला जातो तो नेमका त्याच लोकांना भोवणारा ठरतो ज्यांच्या नावाने तो काढला जातो.

योजनेची रचना आधी पाहणे आवश्यक आहे. एक किलोवॉट क्षमतेच्या सौर संचाला साधारण शंभर चौरस फूट सावलीमुक्त छत लागते आणि महाराष्ट्रासारख्या उन्हाच्या प्रदेशात त्यातून महिन्याला सरासरी शंभर ते एकशेवीस युनिट वीज मिळते. केंद्र सरकार पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३०,००० रुपये देते, तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये देते आणि त्यापुढे काहीही देत नाही, म्हणजे महाराष्ट्रासारख्या राज्यातील घराला केंद्राकडून मिळू शकणारी कमाल रक्कम ७८,००० रुपये आहे. सरकारने धरलेला प्रमाण खर्च पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ५०,००० आणि तिसऱ्याला ४५,००० रुपये असल्यामुळे दोन किलोवॉटच्या घराला खर्चाच्या साठ टक्के मदत मिळते, तर दहा किलोवॉटचा संच बसवणाऱ्या बंगल्याच्या वाट्याला खर्चाचा सहावा-सातवा हिस्साच येतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या आधीच्या टप्प्यात तीन किलोवॉटपर्यंत चाळीस टक्के आणि त्यापुढे दहा किलोवॉटपर्यंत वीस टक्के अनुदान होते, म्हणजे मोठ्या छतालाही क्षमतेच्या प्रमाणात वाढता हिस्सा मिळत असे. नव्या योजनेने ती वाढ तोडून टाकली. श्रीमंतांसाठीची खिरापत अशी या योजनेची संभावना करणाऱ्यांनी हा बदल क्वचितच विचारात घेतलेला दिसतो.

आक्षेपाचे सर्वात भक्कम रूप मात्र वेगळे आहे, आणि प्रतिवाद त्याचाच करावा लागेल. भारतात वीजदर ठरवताना ‘क्रॉस सबसिडी’ची पद्धत आहे, म्हणजे काही ग्राहकांकडून पुरवठ्याच्या खर्चापेक्षा जास्त दर घेऊन त्यातून इतरांना खर्चापेक्षा कमी दराने वीज दिली जाते. महावितरणच्या २०२४-२५ च्या घरगुती दरपत्रकात, वहन आकार वगळता, पहिल्या शंभर युनिटना प्रतियुनिट ४.७१ रुपये, एकशेएक ते तीनशे या टप्प्याला १०.२९ रुपये आणि तीनशेएक ते पाचशे या टप्प्याला १४.५५ रुपये असा चढता दर होता. जास्त वीज वापरणारा ग्राहक छतावर पॅनेल बसवतो तेव्हा सर्वात महागड्या टप्प्यातील त्याची खरेदी थांबते आणि वितरण कंपनीचे सर्वात किफायतशीर उत्पन्न बुडते. तारा, रोहित्रे, उपकेंद्रे आणि कर्मचारी यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो. ही तूट भरून काढण्यासाठी दर वाढवावे लागतात आणि त्यांचा भार ज्याला पॅनेल परवडत नाही त्या भाडेकरूवर किंवा चाळीतल्या कुटुंबावर पडतो. या साखळीतील प्रत्येक कडी खरी आहे, आणि सौरविजेच्या समर्थकांनी ती नाकारण्यात आजवर बराच वेळ वाया घालवला आहे.

परंतु या साखळीत भांडवली अनुदान नेमके कोठे बसते, हे कोणी तपासत नाही. भांडवली अनुदान म्हणजे संच बसवताना एकदाच, केंद्राच्या अर्थसंकल्पातून, थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होणारी रक्कम. ‘नेट मीटरिंग’ ही पूर्णपणे निराळी सवलत आहे : दुपारी छतावर तयार झालेली जादा वीज ग्राहक वितरणाच्या जाळ्यात सोडतो आणि रात्री तेवढीच वीज परत घेतो, व बिल फक्त या दोहोंतील फरकाचे येते. ही दुसरी सवलत अर्थसंकल्पातून येत नाही. ती दररचनेतून येते, वर्षानुवर्षे चालू राहते आणि तिचा भार इतर ग्राहकांवर पडू शकतो. वर वर्णन केलेली हानी ही चढत्या टप्प्यांचे दर आणि नेट मीटरिंग यांच्या संयोगातून होते. ७८,००० रुपयांचे अनुदान उद्या बंद केले तरी हा संयोग जसाच्या तसा राहील.

हे आकड्यांतून तपासता येते. २०२४-२५ च्या दरानुसार तीनशे ते पाचशे युनिटच्या टप्प्यात वापर असलेल्या घराचे त्या टप्प्यातील प्रत्येक वाचलेल्या युनिटमागे, १.१७ रुपयांच्या वहन आकारासह, जवळजवळ पावणेसोळा रुपये वाचत होते. एका किलोवॉटमधून वर्षाला बाराशे युनिट मिळाले तरी ही बचत एकोणीस हजारांच्या आसपास जाते, म्हणजे ५०,००० रुपयांचा खर्च अनुदानाचा एक पैसाही न घेता तीन वर्षांच्या आत भरून निघतो. असे घर अनुदानाची वाट पाहत नाही. याउलट महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या घराचे वहन आकारासह प्रतियुनिट ५.८८ रुपयेच वाचत होते, वर्षाची बचत सात हजारांच्या घरात राहत होती, आणि तोच खर्च वसूल व्हायला व्याज न धरताही सात वर्षे लागत होती. बाजार स्वतःच्या गतीने चालू दिला तर सौर पॅनेल सर्वात आधी बंगल्यावर चढतात आणि बैठ्या घरावर सर्वात शेवटी, कारण गरिबाला मिळणारी स्वस्त वीजच त्याच्या छतावरील सौर संच आतबट्ट्याचा करते. अनुदान काढून घेतले तर वितरण कंपनीला सोडून जाणारे बडे ग्राहक थांबणार नाहीत. थांबतील ते लहान ग्राहक, ज्यांच्या जाण्याने कंपनीचे फारसे नुकसान होणार नव्हते. शंभर युनिटच्या आतील ग्राहकाला कंपनी पुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा कमी दरात वीज देते, आणि त्याने विकत घेणे थांबवलेल्या प्रत्येक युनिटबरोबर क्रॉस सबसिडीचे ओझेही तेवढे हलके होते. आक्षेपकांच्या स्वतःच्या निकषावर मोजले तरी लहान छतावरील पॅनेल हे वितरण कंपनीच्या हिताचे ठरते.

मग नेट मीटरिंगचे काय करावे? त्याचा विचार त्याच्याच जागी, म्हणजे वीज नियामक आयोगाच्या दरसुनावणीत व्हायला हवा, आणि तो झालेलाही आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या मसुद्यात तीनशे युनिटपुढील घरगुती ग्राहकांना ‘नेट बिलिंग’ लागू करण्याचा, म्हणजे त्यांची जादा वीज युनिटच्या बदल्यात युनिट न देता ठरावीक दराने विकत घेण्याचा प्रस्ताव होता. विरोधानंतर अंतिम नियमांतून तो वगळला गेला, आणि जाळ्याच्या वापराबद्दलचा आकारही राज्यातील छतावरील क्षमता ५,००० मेगावॉटवर पोचेपर्यंत न लावण्याचे ठरले. ही सवलत कायमची नाही आणि ती कायमची असूही नये. दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग होत चालली आहे. १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरधारक घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर प्रतियुनिट ८० पैशांपासून एक रुपयापर्यंत सवलत सुरू झाली, ती याच वस्तुस्थितीची कबुली आहे. अशा स्थितीत दुपारचे एक युनिट आणि रात्रीचे एक युनिट कायम समान मानणे मोठ्या संचांच्या बाबतीत समर्थनीय राहणार नाही. लहान संचांना संरक्षण ठेवून मोठ्यांना हळूहळू वेळेनुसार दर लावणे हा त्यावरचा न्याय्य उपाय आहे, आणि भांडवली अनुदानाला हातही न लावता तो करता येतो.

हे दोन निर्णय वेगवेगळे घेता येतात याचे उदाहरण अमेरिकेत आहे. कॅलिफोर्निया राज्याने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या जाळ्यात सोडलेल्या विजेचा मोबदला सुमारे तीन-चतुर्थांशाने घटवला. त्याच काळात संघ सरकारची तीस टक्क्यांची करसवलत चालू होती आणि ती २०२५ च्या अखेरीस एका स्वतंत्र कायद्याने संपली. तेथील करसवलतीत एक मोठा दोष होता, तो असा की ज्याला आयकर भरावा लागतो त्यालाच ती वापरता येत असे, त्यामुळे अल्प उत्पन्नाची घरे आपोआप वगळली जात. अमेरिकेतील घरगुती सौर सवलती सधनांकडे झुकल्या या निष्कर्षाचा आधार घेऊन भारतातील योजनेवर तोच आरोप करणे म्हणूनच अयोग्य आहे, कारण भारतातील रक्कम कर भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्याला सारखीच मिळते.

जर्मनीचा दाखलाही असाच उलट्या बाजूने दिला जातो. जर्मनीने २००० च्या कायद्यानुसार सौरवीज उत्पादकांना वीस वर्षांचा हमीदर दिला आणि त्याचा खर्च सर्वसामान्य ग्राहकांच्या वीजबिलावर अधिभार लावून वसूल केला. मोठ्या वीजग्राही उद्योगांना त्यातून बरीच सूट मिळाल्याने तो भार घरांवर अधिक पडला, आणि अखेर १ जुलै २०२२ रोजी हा अधिभार रद्द करून खर्च सरकारी तिजोरीकडे वळवावा लागला. गरीब ग्राहकाच्या बिलातून श्रीमंताच्या पॅनेलचे पैसे जाऊ नयेत, हा धडा जर्मनीला दोन दशकांनी मिळाला. भारताच्या योजनेने खर्च पहिल्यापासूनच अर्थसंकल्पात ठेवला आहे. शिवाय १९९० च्या दशकातील जपान आणि जर्मनी यांच्या छतावरील अनुदानांनी निर्माण केलेल्या मागणीमुळेच पुढे कारखाने मोठे झाले आणि पॅनेल स्वस्त झाले. आज पॅनेल स्वस्त आहेत म्हणून अनुदानाची गरज नाही असे म्हणताना ते कशामुळे स्वस्त झाले याचा विसर पडू नये.

किमतीच्या तुलनेवर आधारलेला आक्षेप मात्र सविस्तर उत्तराला पात्र आहे. मोठ्या सौर प्रकल्पांच्या लिलावात वीज अडीच रुपये युनिटच्या आसपास मिळते, तर छतावरील वीज, संचाचा पूर्ण खर्च धरता, त्याहून बरीच महाग पडते. मग तोच पैसा राजस्थानच्या वाळवंटात का घालू नये, असा हा युक्तिवाद आहे. यात प्रकल्पाच्या फाटकावरील दराची घरातल्या दराशी तुलना केली जाते. वाळवंटातील वीज मुंबई-पुण्यातील घरापर्यंत आणायला उच्चदाबाच्या वाहिन्या लागतात, वाटेत आणि वितरणात वीज गळते, आणि एका मेगावॉटला चार-पाच एकर जमीन लागते. मोठ्या सौर प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्कात अनेक वर्षे संपूर्ण माफी होती. ३० जून २०२५ पर्यंत कार्यान्वित झालेल्या प्रकल्पांना ती मिळाली, आणि वाहिन्यांचा तो खर्च इतर ग्राहकांमध्ये वाटला गेला. ही माफी हेही अनुदानच आहे, फक्त ते कोणाच्या नावाने बँकेत जमा होत नसल्याने चर्चेत येत नाही. राजस्थानात पारेषणक्षमता अपुरी पडल्यामुळे तयार होऊ शकणारी वीजही काही वेळा सोडून द्यावी लागते, ही अलीकडची वस्तुस्थिती आहे. मोठे प्रकल्प उभारूच नयेत असा याचा अर्थ नाही; देशाला लागणाऱ्या सौरविजेचा मोठा भाग तेथूनच येईल. परंतु जेथे वीज वापरली जाते तेथेच ती तयार करणाऱ्या छताचे मोल फाटकावरील दराने ठरवता येत नाही.

सरकारी रुपयातून मिळणारे फळही मोजून पाहावे. तीन किलोवॉटच्या संचाचा प्रमाण खर्च १,४५,००० रुपये, त्यात सरकारचे ७८,००० आणि उरलेले ६७,००० कुटुंबाचे, म्हणजे देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेत खासगी बचतीचा मोठा वाटा येतो. हा संच पंचवीस वर्षांत, उतरती कार्यक्षमता धरूनही, नव्वद हजारांच्या आसपास युनिट देतो. त्यावर सरकारी खर्च प्रतियुनिट एका रुपयाहून कमी पडतो, आणि आज दिलेल्या पैशावर आठ टक्के व्याज धरून काटेकोर हिशेब केला तरी तो दोन रुपयांच्या आतच राहतो. याच्या शेजारी इतर वीज अनुदाने ठेवून पाहावीत. महाराष्ट्रात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज देण्याच्या योजनेचा अंदाजित खर्च वर्षाला १४,७६० कोटी रुपये आहे, म्हणजे पाच वर्षांचे जवळजवळ ७३,८०० कोटी. एक कोटी घरांच्या छतांसाठी संपूर्ण देशाने केलेल्या तरतुदीइतकाच हा एका राज्याचा खर्च आहे. शेतकऱ्याला मदत नको असे येथे सुचवायचे नाही, कारण कोरडवाहू पट्ट्यातील शेतीचे अर्थकारण पाहता ती आवश्यकच आहे. दाखवायचे आहे ते एवढेच की मोफत युनिटवर खर्च झालेला पैसा वर्ष सरताच संपतो आणि पुढच्या वर्षी तेवढाच पुन्हा लागतो, तर छतावर खर्च झालेला पैसा पंचवीस वर्षे वीज देत राहतो. पंजाबने जुलै २०२२ पासून घरांना तीनशे युनिटपर्यंत मोफत वीज दिली. तेथील ग्राहकाला पॅनेल बसवण्याचे आर्थिक कारणच उरले नाही. या दृष्टीने पाहता केंद्राच्या योजनेच्या नावातील ‘मुफ्त’ हा शब्द दुर्दैवी आहे. त्यामुळे गुंतवणुकीची योजना दानाच्या रांगेत जाऊन बसली, आणि आक्षेपकांना आयते साधन मिळाले.

अनुदानाऐवजी स्वस्त कर्ज पुरेसे आहे, हा पर्याय सुचवला जातो. रेपो दराहून अर्धा टक्का अधिक दराने विनातारण कर्ज देण्याची सोय योजनेत आहेच, आणि नियमित पगाराच्या कुटुंबाला ती उपयोगी पडते. पण ज्याची बचत वर्षाला सात हजारांची आहे आणि उत्पन्न हंगामी आहे, त्याने ५०,००० रुपयांचे कर्ज काढावे अशी अपेक्षा धरणे म्हणजे त्याला योजनेबाहेर ठेवणेच होय.

अनुदानासाठी देशात तयार झालेले सेल आणि पॅनेलच वापरण्याची अट आहे, आणि असे पॅनेल आयात मालाहून महाग असल्याने अनुदानाचा काही भाग ग्राहकाच्या हाती न राहता निर्मात्यांकडे जातो, ही टीका रास्त आहे. देशी कारखानदारी उभारणे हे राष्ट्रीय उद्दिष्ट असेल तर त्याचा खर्च उद्योग खात्याच्या नावावर उघडपणे टाकावा. घरगुती ग्राहकाच्या मदतीतून तो वळता करून घेऊ नये.

आक्षेपकांचे म्हणणे जेथे पूर्णपणे मान्य करावे लागते ती बाजू छताच्या मालकीची आहे. मुंबईतील चाळ, झोपडपट्टी पुनर्वसन इमारतीतील सदनिका, नाशिक-पुण्यातील भाड्याची खोली यांत राहणाऱ्या लाखो कुटुंबांना स्वतःचे म्हणता येईल असे छतच नाही. गृहनिर्माण संस्थांना उद्वाहन, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये, ५०० किलोवॉटपर्यंत, मिळतात. पण त्यातून घरातले बिल कमी होत नाही आणि भाडेकरूच्या हाती काहीच येत नाही. यावर ‘आभासी नेट मीटरिंग’ हा उपाय उपलब्ध आहे : एका सामायिक जागेवर, मग ती शाळेची गच्ची असो वा बाजारपेठेचे छप्पर, संच बसवायचा आणि त्यातील वीज हिश्श्यांनुसार अनेक ग्राहकांच्या बिलांत वळती करायची. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच यासाठी मार्गदर्शक तत्त्वे केली होती. भाडेकरू वगळला जातो ही तक्रार प्रामाणिक असेल तर तिची परिणती अनुदान बंद करण्याच्या मागणीत न होता ते भाडेकरूपर्यंत पोचवण्याच्या मागणीत व्हायला हवी, आणि वितरण कंपन्यांनी तांत्रिक अडचणींची ढाल पुढे करून ती अडवू नये. कंपन्यांना या योजनेत प्रोत्साहनापोटी ४,९५० कोटी रुपये ठेवलेले आहेत, याची आठवण येथे करून देणे अस्थानी ठरणार नाही.

अंमलबजावणीच्या बाबतीत समाधान मानण्याजोगी स्थिती नाही. २०२२ पर्यंत छतांवर चाळीस हजार मेगावॉट उभारण्याचे पूर्वीचे उद्दिष्ट होते, त्याच्या जवळपासही देश पोचला नाही. आणि एक कोटी घरांपैकी २०२५ च्या अखेरीपर्यंत वीस लाखांहून थोड्या अधिक घरांवर पॅनेल चढली, त्यांत गुजरात आणि महाराष्ट्र आघाडीवर आहेत. या संथपणाचे कारण अनुदान जास्त आहे हे नाही. मीटर बदलायला लागणारे आठवडे, कर्जाच्या अर्जाला बँकेच्या शाखेत लागणारा वेळ आणि छोट्या गावात भरवशाचा बसवणारा न मिळणे ही त्याची कारणे आहेत.

महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये आखलेल्या ‘स्मार्ट’ या आवासीय छत सौर योजनेने वरील विवेचनाची दिशा प्रत्यक्षात आणली आहे. ही योजना दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला शंभर युनिटच्या आत वापर असलेल्या पाच लाख घरगुती ग्राहकांसाठी आहे, म्हणजे ज्यांचे पॅनेल वितरण कंपनीला जड जात नाही आणि ज्यांना बाजार कधीच विचारणार नाही अशा घरांसाठी. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाच्या छतावरील एक किलोवॉटच्या संचाचा खर्च ५०,००० रुपये धरला आहे. त्यातील ३०,००० केंद्र सरकार देते, १७,५०० राज्य सरकार देते, आणि उरलेले २,५०० रुपये ते कुटुंब भरते.